पापडीच्या नाक्यावरचा दरवाजा

आमच्या शेजारचे वाडीवाले काका पापडीच्या नाक्यावरून जाताना मान वाकवत. "इथे जुन्या शहराचा दरवाजा होता. अंबारीसकट हत्ती आत यायचा!" मग मान कशाला वाकवायची, हे विचारायची सोय नव्हती. त्या दरवाजाचा एक चिराही कुणी पाहिला नव्हता. आम्ही हसायचो.

एकदा तिथेच गटार खोदताना कोरीव दगड निघाला. मुकादमाने घण मागवताच काका दगडावर जाऊन बसले. "आधी मला फोडा!" दुपारभर ते उन्हात हलले नाहीत. अखेर सरकारी कचेरीतले साहेब आले आणि दगड निरखून म्हणाले, "अहो काका, हा तर विहिरीचा काठ आहे."

"असणारच," काका म्हणाले. "शहरातले लोक पाणी प्यायला काय दरवाजाबाहेर जायचे?"

साहेबांनी हसत वहीत लिहिलं: 'विहिरीचा काठ, जुन्या शहराच्या दरवाजाच्या आत.' दगड वाचला, आणि दरवाजा सरकारी कागदावर चढला.