शुक्रवारची सुई

शेलार गावात दाजींना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. वज्रेश्वरीकडचा हा माणूस लग्न करून सासुरवाडीलाच राहायला आला आणि साऱ्या गावाचा दाजी झाला. जावई म्हणून मान मोठा. पापलेटचा मधला तुकडा दाजींना, हळदीला पुढची खुर्ची दाजींना. फक्त त्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलंय, असं मात्र आजवर घडलेलं नाही.

ऐकणार तरी कसं? सासऱ्यांनी बांधलेली लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड आणि राहतं घर यांच्यात भिंत एकच. दोन्ही शिफ्टला लूम धडधडत असतात आणि मांडणीतल्या कपबश्या दिवसभर आपापसांत काहीतरी बोलत असतात. या घरात कुणाला हळू बोलता येत नाही. ‘चहा टाकू का’ हेही भांडणासारखं ऐकू येतं. खरं भांडण असलं तर ते हातवाऱ्यांवरून ओळखायचं.

याच शेडमध्ये, वाया गेलेल्या सुताच्या गोणींमागे, एका रस्त्यावरच्या कुत्रीने पिल्लं घातली. त्यातलं एक दाजींच्या पायात घोटाळायला लागलं. लूमवरचा धोटा जसा सूत घेऊन इकडून तिकडे पळतो, तसंच हे पिल्लू शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं. म्हणून त्याचं नाव धोट्या.

आदल्या वर्षी दाजींचा हिरो नावाचा कुत्रा रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत गेला होता. शेडमागच्या चिंचेखाली दाजींनी स्वतः खड्डा खणला होता, आणि नंतर कितीतरी दिवस ते त्या बाजूला फिरकले नव्हते. या वेळी त्यांनी ठरवलं, धोट्याच्या लसीच्या सगळ्या सुया वेळेवर द्यायच्या. काहीही होवो.

काहीही म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, कारण घरात आक्का होती.

आक्का ही दाजींच्या बायकोची, म्हणजे वैशालीची, थोरली बहीण. घर तिच्या शब्दावर चालतं. शेडही तिच्याच शब्दावर चालते, पण ती चालवतात दाजी. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, दिवसाची शिफ्ट बंद असते. कारागिरांना सुट्टी असते आणि दाजी दुरुस्त्या काढतात. एकेक लूम उघडायचा, पट्टा बदलायचा, चालवून बघायचा. त्यामुळे त्यांना सुट्टी अशी नसतेच. धोट्याची पहिली सुई मात्र शुक्रवारी पडली आणि दाजींनी मनाशी ठरवलं, आज पाना हातात धरायचा नाही. दवाखाना करायचा, वडे घेऊन यायचं आणि दुपारी ताणून द्यायची.

जनावरांचा दवाखाना धामणकर नाक्याजवळ. डॉक्टर मृणाली यांनी सुई टोचली, अर्धा तास बसवून ठेवलं आणि समजावून सांगितलं. एखादा दिवस मरगळ येईल, अंग थोडं गरम लागेल, टोचलं तिथे दुखेल. तोंड सुजलं, उलट्या झाल्या, श्वास लागला तर मात्र लगेच घेऊन यायचं.

घरी पोहोचून दाजी आडवे होतात न होतात, तोच धोट्या सुरू झाला. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. कुई, कुई, कुई. भाकरी हुंगायची, सोडायची, भिंतीशी जाऊन बसायचं, पुन्हा कुई.

आक्काचं शुक्रवारी असंही डोकं दुखतं. ती कपाळाला फडकं बांधून बाहेर आली. “काय टोचून आनलात त्याला? सकाली चांगला नाचत होता!”

“आक्का, होतो थोडा त्रास. डॉक्टरनी सांगितलंय.”

“डॉक्टरला काय जातंय सांगायला?”

मग तिने मीठ-मिरच्या ओवाळून, विस्तवावर टाकून नजर काढली. त्या धुराने धोट्याला शिंका आल्या, दाजींना ठसका लागला आणि वैशाली डोळे पुसत म्हणाली, “आता याला पडसा पन झाला.”

संध्याकाळची शिफ्ट लागली तसा धोट्या गप झाला आणि भाकरी मटकावून झोपला. आक्काने निकाल दिला, “सुईचा विष दिवस बुडाला की उतरतो.”

दुसरी सुई, पुन्हा शुक्रवार. दुपारी पुन्हा तेच. या वेळी दाजींनी डॉक्टरांना फोन लावला. गावभर ऐकू जाईल अशा आवाजात.

“झोपून आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“झोपतोय कुठला! पेटलाय नुसता!”

“तोंड सुजलंय?”

दाजींनी धोट्याचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं. “मॅडम, याचा तोंड मूळचाच सुजलेला हाय!”

डॉक्टर म्हणाल्या, घेऊन या. दाजींनी त्याला गोणीत घालून रिक्षा केली. नाक्यावर ट्रक, टेम्पो, हॉर्न आणि दुतर्फा कारखान्यांची खडखड. त्या गदारोळात धोट्या दाजींच्या मांडीवर गाढ झोपला. दवाखान्यात जागा झाला तो शेपटी हलवत. डॉक्टरांनी ताप बघितला, हिरड्या बघितल्या, पोट दाबून बघितलं. “एकदम ठणठणीत आहे, दाजी.”

“मॅडम, माझ्या गल्याची आन! घरी बघा कसा रडतोय!”

डॉक्टरांनी दाजींकडे असं पाहिलं की दाजींना वाटलं, आता आपलाही ताप बघतात की काय. घरी आले, आणि उंबऱ्यात पाय ठेवल्याबरोबर कुई.

आक्का दारातच उभी होती. “आता बास. तिसरी सुई न्हाय. मुक्या जिवाचा शाप घेनार काय, दाजी?”

“आक्का, हिरो कसा गेला इसरलात?”

“हिरो देवाने नेला. याला तुमी नेताय.”

हे ऐकून दाजी दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. पण लूम चालू असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या सुईचा शुक्रवार आला. दाजी म्हणाले, “वज्रेश्वरीला जाऊन येतो, चुलत्याला बरा न्हाय.” धोट्याला सुताच्या गोणीत दडवलं, दवाखान्यात नेलं, टोचलं, आणि येताना खरोखर वज्रेश्वरीहून आल्यासारखे वड्यांसोबत दोन नारळही विकत घेतले. घरात शिरले. नारळ आक्काच्या हातात दिले.

कुई.

आक्काने नारळ खाली ठेवले. “चुलत्यालाच टोचून आलात ना?”

पुढे जे झालं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं, कारण शुक्रवार होता आणि आक्काला हळू बोलण्याची सवय नव्हती. मान, पापलेट, पुढची खुर्ची, सगळ्याचा उद्धार झाला. उरलेली पिसाळू नये म्हणूनची सुई या घरात राहून तरी द्यायची नाही, असंही ठरलं. दाजी पाना उचलून शेडमध्ये निघून गेले. राग आला की काही माणसं दारू पितात. दाजी लूम उघडतात.

पट्टा बदलायचा राहिलेला एक लूम होता. त्यांनी तो बदलला आणि बटण दाबलं. खटाक-खट, खटाक-खट. मागून धोट्या आला. जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या, गोणीला पाठ लावली आणि झोपला.

दाजींनी लूम बंद केला. धोट्याने मान वर केली. कुई.

दाजींनी लूम लावला. मान खाली.

त्यांनी पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. मग ते तिथेच स्टुलावर बसले. हे पिल्लू या खडखडाटात जन्मलं होतं. एरवीच्या शुक्रवारी दाजींचा एखादा लूम चालू असायचा. सुईच्याच दिवशी तेवढे ते पाय ताणून पडायचे आणि सारं घर स्मशानासारखं गप व्हायचं. त्याला दुखत नव्हतं. त्याला भीती वाटत होती.

“आक्का! वैशाली! इकडे या!”

त्यांनी करून दाखवलं. बंद, कुई. चालू, गप. आक्काने कपाळावरचं फडकं सारखं केलं आणि तीन वेळा करायला लावलं.

“म्हंजे सुई टोचली की लूम लावायचा,” ती म्हणाली.

“न्हाय ओ आक्का! सुईचा संबंधच न्हाय! सुई टोचा नायतर नका टोचू, याला आवाज...”

पण आक्का कुंपणापाशी पोहोचलीसुद्धा होती. “अगो राहीबाई, सुईवर उतारा गावला!” तिने शेजारणीला हाक दिली, आणि वळून म्हणाली, “दाजी, ती पिसाळायची सुई पन देऊन टाका. मी कुठे नको म्हनते?”

दाजी जिंकले होते. त्यांना तसं वाटत मात्र नव्हतं. वडे गार झाले होते, पाठ दुखत होती. त्यांनी लूमच्या बटणाकडे हात नेला.

“बंद नका करू!” आतून आक्का ओरडली. “आताशी डोका दुखायचा थांबलाय माझा!”

दाजी पुन्हा स्टुलावर बसले. धोट्या घोरत होता. खिशातला फोन थरथरला. डॉक्टर मृणाली विचारत होत्या, कसा आहे धोट्या, काही त्रास? आणि मागे हा आवाज कसला येतोय?

“औषध चालू हाय, मॅडम!” दाजी ओरडले.