बिनचूक विमा

कोयनानगरच्या वडाप जीपच्या स्टँडवर किश्श्यांना तोटा नाही. जीप भरल्याशिवाय हलवायची नाही, मग भरेपर्यंत करायचं काय? गप्पा हाणायच्या. मी फौजेत ट्रक चालवून आलो, आता पाटणपर्यंत माणसं नेतो. पण मध्यंतरी स्टँडवर माझा एकच विषय होता, आणि तो तडीस नेल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हतो.

*

सुरुवात रफिकपासनं. घाटात त्याच्या जीपपुढं गवा आला. त्याला चुकवायला गेला आणि जीप कठड्यावर बसली, पाय मोडला. पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं विचारलं, "चूक कुणाची?"

"गव्याची," रफिक म्हणाला.

हवालदारानं पेन थांबवलं. "त्याचा पत्ता?"

आम्ही लय हसलो. पण दुसऱ्या कुणाची चूक नाही म्हटल्यावर रफिकच्या पायाची भरपाई देणारं कुणीच नव्हतं. उपचारापायी जीप विकली. आता तो कुबडी लावून आमच्यासाठी "पाटण, पाटण" ओरडतो. तो आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं.

*

म्हणून मी आमच्या जीपवाल्यांच्या बैठकीत मांडलं, की चालवणाऱ्याला इजा झाली तर चूक कुणाची हे न बघता दवाखान्याचा खर्च देणारा विमा प्रत्येकानं काढायचा. जो काढणार नाही त्याची जीप स्टँडवर नंबराला, म्हणजे भरायच्या रांगेत, लागणार नाही. आमच्यात सगळ्यांचे हात वर झाल्याशिवाय नियम होत नाही. बोलण्याच्या भरात मी त्याला 'बिनचूक विमा' म्हणालो, आणि तिथंच घोटाळा झाला.

"मग मला न्हाई मिळायचा," संजू म्हणाला. "माज्याकडनं लय चुका हुत्यात."

दिनकरअण्णा, आमच्यातले सगळ्यात जुने, मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "आन माजी आजवर एक बी न्हाई. मग मला कशाला?"

संजूचा आणि अण्णांचा हात खालीच राहिला.

*

संजूला मी समजावलं. तरी त्याचं आपलं एकच, सक्ती कशापायी? मी म्हटलं, गाडीत स्टेपनी ठेवतोस ते पंक्चर होणार म्हणून ठरवून ठेवतोस का?

"स्टेपनी पंक्चरच हाय गड्या," तो म्हणाला. पण पुढच्या बैठकीत हात वर केला.

*

राहिले अण्णा. त्यांच्या घरी गेलो. म्हटलं काकू, तुम्ही तरी सांगा, माणसाकडनं कधीतरी चूक होतेच की.

काकू चहा गाळत म्हणाल्या, "व्हय, हुती की. पर ह्यांनी ती कवा कबूल केलीया?"

अण्णांनी चहा संपवला आणि विषय बदलला. मी ठरवलं, प्रत्येक बैठकीला हाच विषय पहिला घ्यायचा.

*

मग एका दुपारी भूकंपाचा धक्का बसला. कोयनेच्या माणसाला त्याचं काय? कुणी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही. अण्णांची जीप स्टँडवर उभी, इंजिन बंद, अण्णा खिडकीतनं उजवा हात बाहेर काढून बसलेले. वरच्या दरडीचा एक दगड सुटला, घरंगळत आला आणि थेट त्या हातावर आदळला.

पंचनाम्याला तोच हवालदार आला. "अण्णा, चूक कुणाची?"

अण्णांनी आधी डोंगराकडं बघितलं, मग जमिनीकडं.

पुढच्या बैठकीला अण्णा कोपरापर्यंत प्लॅस्टर घालून आले. मी विषय मांडला. एकेक हात वर गेला. सगळे अण्णांकडं बघायला लागले.

अण्णा दाराशी कुबडीवर टेकलेल्या रफिककडं वळले.

"रफिक, डावा चालतोय का रं?"