वरचा मजला नक्की कोणी बांधला?

लोणावळ्यात विकलेल्या घराचा वरचा मजला मी माझ्या पैशांनी बांधला होता, एवढंच मला आयकर खात्याला पटवून द्यायचं होतं. घर विकून झालेल्या नफ्यातून मी त्या बांधकामाचा खर्च वजा दाखवला होता. नोटीस आली: पुरावा द्या! नव्या मालकाने घर पाडून टाकलेलं. गवंड्याकडे बिल मागायचं आमच्याकडे कुणाला सुचतं? बँकेतून पैसे काढल्याची नोंद होती, पण ते मजल्यातच गेले कशावरून? वजावट नाकारली असती, तर तळेगावच्या फ्लॅटसाठी ठेवलेले पैसे करात गेले असते आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांतच म्हातारे झालो असतो.

"अहो, वास्तुशांतीचं शूटिंग आहे की!" मंदा, माझी बायको, ओरडली. "गवंड्याला टॉवेल-टोपी दिली, ते सगळं आहे त्यात."

मी तिला अक्षरशः हात जोडले. (संसारात दुसऱ्यांदा. पहिल्यांदाचं तिला आठवतं, मला नाही.)

हल्ली सगळं ऑनलाइन असतं म्हणे. आमच्या नशिबी मात्र आयकराचे साक्षात साहेब, तेही घरी! साक्षीला औंढ्याहून माझे सासरे आले, कडक इस्त्रीचा सदरा घालून. मी त्यांना मामा म्हणतो. टीव्ही सुरू झाला. नवा मजला दिसला, गवंडी दिसला, साहेबांनी मान डोलावली. मी खुशीत चहा पुढे केला.

आणि पडद्यावर मी माईक हातात घेतला.

अरे देवा! तेव्हा काय बोललो होतो ते आठवलं. रिमोट कुठंय? उशा उचकल्या, सोफ्याखाली घुसलो.

"अहो, बघू द्या ना साहेबांना!" मंदा म्हणाली. रिमोट तिच्याच हातात होता.

पडद्यावरचा मी फेटा सावरत गरजला, "मंडळी, या मजल्याला माझा एक रुपयाही लागला नाही! सगळा खर्च मामांनी केला!" टाळ्यांचा कडकडाट.

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे खर्च तुमचा नाहीच."

"साहेब, ते... मामांना बरं वाटावं म्हणून..." मी पुटपुटलो. मामांनी दिला होता फक्त एक पंखा! पण त्या भाषणापासून लेकीला मजला बांधून देणारा बाप म्हणून औंढ्यात त्यांचा मान वाढलेला. आता एक तर माझा फ्लॅट जाणार, नाहीतर म्हाताऱ्याची इज्जत.

मामांनी टीव्हीकडे एकदा बघितलं आणि सदरा नीट केला. मला तोंड वर करवेना.

"लिवा साहेब," ते म्हणाले. "आमी फकस्त पंखा दिला. त्यो बी जुना. पाव्हणं खोटं बोललं, आन् आमी इतकी वर्सं गप बसलो. लय ग्वाड वाटत व्हतं."

मंदाचे डोळे भरून आले. माझेही. (मी चहाची वाफ लागली म्हणून सांगितलं.)

साहेबांनी दोघांचे जबाब घेतले. पुढे आदेश आला: वजावट मान्य! मी पेढे आणले. मंदाने आदेश मोठ्याने वाचला, कारणासकट: 'सासऱ्यांना खूश करण्यासाठी आपण जाहीररीत्या खोटे बोललो, असे करदात्याने स्वतः कबूल केले आहे.'

फ्लॅट वाचला. पण नवरा खोटारडा असल्याचा सरकारी कागद अख्ख्या मावळात फक्त आमच्या मंदाकडे आहे, आणि तिने तो लॅमिनेट करून घेतलाय!