बिराजदार सरांचं पहिलं बटण

तिसऱ्यांदा शर्ट परत आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. क्लासच्या ऑफिसातला क्लार्क तो काउंटरवर ठेवून उभा राहिला. सोबत डायरेक्टरसाहेबांची चिठ्ठी. शिलाई पक्की होत नसेल तर उरलेले शर्ट शिवू नका, आम्ही दुसरं दुकान बघतो, असं साफ लिहिलं होतं.

लातुरात माझे वडील शर्ट शिवायचे, त्यांच्यामागं मी शिवत राहिलो. उसवलं म्हणून कुणी शर्ट आणून आदळलाय, असं आमच्या दुकानात झालं न्हाई. त्यामुळं चिठ्ठी लई झोंबली.

गोष्ट क्लासेसचं पेव फुटलं तेव्हाची. भूकंपाला दहाएक वर्षं झाली होती. गल्लोगल्ली बोर्ड, बोर्डावर सरांचे फोटो, फोटोतल्या प्रत्येक गळ्यात टाय. त्याआधी आमच्याकडं टाय घालणारा माणूस म्हणजे एकतर रिसेप्शनमधला नवरदेव, नाहीतर औषध कंपनीचा एमआर. कॉलेजातले सर लोक बुशशर्ट घालायचे. वरचं बटण उघडं, आत बनियन दिसतंय, आणि उन्हाळ्यात कॉलर मळू नये म्हणून मानेला रुमाल. असा रुमाल लावून माणूस कलेक्टर ऑफिसातही जायचा आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं न्हाई.

या क्लासच्या डायरेक्टरसाहेबांनी मात्र नियमच काढला. जूनमध्ये नवी बॅच, त्याआधी पालकसभा. पंधरा सर, पंधरा पांढरे शर्ट, गळ्यापर्यंत बंद कॉलर, निळा टाय. टाय नसेल त्यानं स्टेजवर यायचं न्हाई. जो स्टेजवर न्हाई त्याला बॅच न्हाई. पालक लांबून येतात, पार जळकोट, भोकर, माहूरहून पोरांना घेऊन येतात, त्यांना पहिल्या नजरेत क्लास मोठा वाटला पाहिजे, असं ते म्हणाले. ऑर्डर माझ्याकडं आली. प्रत्येकाचा एक शर्ट आधी, दुसरा नंतर.

चौदा जणांचे शर्ट बिनबोभाट गेले. पंधरावा बिराजदार सरांचा. फिजिक्स शिकवायचे. तिशीतला, सडपातळ, हळू बोलणारा माणूस.

इथं कॉलरचं थोडं सांगतो. वर दिसतं ते कॉलरचं पान, आणि गळ्याला लागते ती खालची पट्टी. पट्टीत बकरम असतं, म्हणून ती ताठ उभी राहते. पहिलं बटण त्या पट्टीवर. गळ्याचं माप घेताना टेप आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं घालायची, तेवढी जागा श्वासाला पुरते. हे मला वडिलांनी शिकवलं. बिराजदार सरांच्या गळ्याला मी टेप लावला तर ते झटकन मागं सरले. म्हणाले, अंदाजानं घ्या, मास्टर. मला वाटलं, गुदगुल्या होत असतील. होतात काहींना.

पहिल्यांदा शर्ट आला तेव्हा पहिलं बटण गायब होतं. काज-बटणाचं सगळं काम माझी बायको शकीला करते. तिनं नवीन बटण लावून दिलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. आता मात्र मला ईर्ष्या चढली. मी स्वतः बसलो. नायलॉनचा दोरा दुहेरी घेतला, बटणाखाली दोऱ्याचे वेढे दिले, मागून छोटं बटण आधाराला लावलं. वर शकीलाला ऐकवलं, आता बैल बांधला तरी तुटायचं न्हाई.

आणि तिसऱ्यांदा आला तो हा शर्ट. बटण जागेवर होतं. पट्टीच फाटली होती. बकरम बाहेर आलं होतं, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला रक्ताचे दोन ठिपके.

माझा राग तिथंच विरला. शकीलानं पट्टी उजेडाकडं धरली, बोटानं चाचपली आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "ये टूट्या नै. खींच्या है."

म्हणजे आपोआप तुटलं न्हाई, कुणीतरी ओढून तोडलंय. ते रक्त गळ्याला नखं लागून आलेलं होतं. एवढी वर्षं कपडा बघतोय, पण मला ते दिसलं न्हाई. मी आपला दोराच मजबूत करत बसलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुपारी शर्ट पिशवीत घालून क्लासवर गेलो. बिराजदार सरांचा तास चालू होता. मी दारातून आत बघितलं आणि बघतच राहिलो. पत्र्याचा हॉल, मे महिन्याचं ऊन, बाकाला बाक लावून तीनशे पोरं बसलेली. आणि पंख्यांची घरघर स्पष्ट ऐकू येत होती, इतकी शांतता. हे माणूस आवाज चढवत न्हाई. एक ओळ फळ्यावर लिहितं आणि मुलांकडं वळून थांबतं. ती पोरं पुढं झुकतात. खोटं सांगत न्हाई, मी मशिदीतसुद्धा इतकी एकचित्त माणसं क्वचित बघितली. सरांचं वरचं बटण उघडं होतं आणि डावा हात अधूनमधून गळ्याकडं जायचा, काहीतरी बाजूला सारल्यासारखा.

तास सुटल्यावर ते बाहेर आले. पिशवीतला पांढरा कपडा बघून त्यांना कळलं. आम्ही स्टाफरूममध्ये बसलो. तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, सर, चूक माझी असेल तर सांगा, मी सुधारतो.

"मास्टर, तुमची शिलाई पक्की हाय," ते म्हणाले. "तीच अडचण हाय."

मग त्यांनी सांगितलं. औसा तालुक्यातलं गाव. दगडामातीचं घर, वर धाब्याचं छत. भूकंपात सगळं अंगावर आलं. हे तेव्हा कॉलेजात होते, गणपतीसाठी घरी आलेले. गळ्यापर्यंत गाडले गेले. फक्त डावा हात मोकळा राहिला. वरून माती घरंगळत यायची आणि गळ्याशी साचायची, ती ते बोटांनी उकरत राहिले. बाजूला, दिसत नाहीत पण ऐकू येतात इतक्या अंतरावर वडील होते. वडील शाळामास्तर.

"ते म्हणाले, झोपू नको, पाढे म्हण. मी म्हणायला लागलो. चुकलं की ते तिथून दुरुस्त करायचे. एकोणतीसच्या पाढ्याला मी मुद्दाम चुकलो." सर थांबले. "ते काही बोलले न्हाईत."

एवढं सगळं गिळून हा माणूस रोज तीनशे पोरांपुढं उभा राहतो आणि कुणाला चुकलं म्हणून ओरडत न्हाई. थांबतो, वाट बघतो. आता मला कळलं, का थांबतो ते.

मी विचारलं, हे डायरेक्टरसाहेबांना का सांगत न्हाई? ते लगेच सवलत देतील.

"देतील. मग मी भूकंपवाले सर होईन. भूकंपग्रस्ताचा दाखला आहे माझ्याकडं, मास्टर. ट्रंकेत आहे. नोकरीसाठीसुद्धा काढला न्हाई. आता टायसाठी काढू?"

पालकसभा पाच दिवसांवर होती. बटण लागलं न्हाई तर हा माणूस फळ्यापासून दूर होणार, एवढं मला कळत होतं. मी शर्ट घेऊन परत आलो आणि शकीलाला सगळं सांगितलं. ती उठली आणि आपल्या डब्यातून टिच बटणं काढून माझ्यापुढं ठेवली. बायकांच्या ब्लाऊजला, लहान पोरांच्या झबल्याला लावतात ती. दाबलं की टिच करून बसतं, ओढलं की सुटतं.

नवी पट्टी कापली. अर्धा इंच मोठी. आतून टिच बटण. वरून काजावर एक नेहमीचं बटण शिवून टाकलं, नुसतं दिसायला. टायचं तर त्याहून मजेशीर. गळ्याभोवती टाय नाहीच. तयार गाठ आणि खाली लोंबतं पान, तेवढंच पट्टीच्या टोकाला टाचलं. मागं कॉलरखाली काय आहे ते कोण बघतंय?

सर ट्रायलला आले तेव्हा मी तो शर्ट आधी स्वतः घातला. माझ्या पोटावर तो बसेना, शकीला दाराआडून हसली. मी टायचं टोक सरांच्या हातात दिलं.

"ओढा, सर."

त्यांनी बिचकत ओढलं. टिच. कॉलर उघडी, टाय हातात. त्यांनी परत लावायला सांगितलं आणि परत ओढलं. असं सात-आठ वेळा झालं असेल. फिजिक्सचा माणूस, एकदा दिसलं म्हणून विश्वास ठेवणारा न्हाई. मग त्यांनी स्वतः शर्ट घातला, आरशात बघितलं आणि पहिलं बटण लावलं. डावा हात वर आला, गाठीला टेकला आणि तिथंच राहिला. श्वास मोठा होता, पण चालू होता.

पालकसभेला मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. मला तिथं काही काम नव्हतं. स्टेजवर पंधरा पांढरे शर्ट, पंधरा निळे टाय. बिराजदार सर बोलायला उठले. हॉल खचाखच, उकाडा असा की माझाच जीव घुसमटत होता. बोलता बोलता त्यांचा हात गळ्याकडं निघाला. हात गाठीपर्यंत आला, तिला नुसता शिवला आणि खाली जाऊन त्यानं खडू उचलला. त्यांनी फळ्यावर ओळ लिहिली, वळले आणि थांबले. पालकसुद्धा पुढं झुकले. मी माझ्या रुमालानं डोळे पुसले, शेजारच्याला घाम वाटला असेल.

जाताना डायरेक्टरसाहेब भेटले. म्हणाले, बघा मास्टर, शेवटी जमली की नाही पक्की शिलाई! मी ‘हाव, साहेब’ म्हणालो. उरलेले शर्टही मीच शिवले.

दोनेक वर्षांनी सरांचा तोच पहिला शर्ट दुकानात आला, कॉलर उलटायला. कॉलर घडीवर झिजली की तिचं पान सोडवून उलटं लावतात, शर्ट आणखी वर्षभर चालतो. मी पान उसवायला घेतलं, पण शकीलानं आधी पट्टी हातात घेतली आणि उजेडाला नेली. टिच बटणाभोवती बोट फिरवलं. दोरा जसाच्या तसा, कपड्याला एक सळ न्हाई.

"खींच्या नै," ती म्हणाली. "रोज घर जाके आराम से खोल्या है."

एवढ्या दिवसांत त्यांनी ते एकदाही ओढलं नव्हतं. ओढलं तर सुटतं, एवढं माहीत असणं त्यांना पुरलं होतं.

तेव्हापासून गळ्याचं माप घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो, पहिलं बटण लावता का? दहातले नऊ जण हसतात आणि म्हणतात, काय मास्टर, हे काय विचारणं झालं. दहाव्यासाठी शकीलाच्या डब्यात टिच बटणं आहेत.