लेथच्या वाक्यावर लाल फुली

चेतनगुणोक्ती हा शब्द मला चाळिशीनंतर कळला, तोही नववीतल्या मुलीमुळे. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं लिहिलं की तो अलंकार होतो म्हणे. मी म्हटलं, एवढंच? आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर दुसरं काय बोलतात? टूल रुसतं, बेल्ट रडतो, मशीनवर चढवलेला जॉब हट्टाला पेटतो. याला एवढं भारदस्त नाव आहे हे ऐकून मला चक्क मिरवावंसं वाटलं.

मुलगी वर्कशॉपमध्येच वाढलेली. खंडेनवमीला आमचं लेथ मशीन ती स्वतः पुसते, हळदकुंकू लावते, झेंडूचा हार घालते आणि त्या दिवशी बटणाला कोणाला हात लावू देत नाही. चाचणीत चेतनगुणोक्तीचं उदाहरण विचारलं, तेव्हा तिने लिहिलं, ‘गळ्यातला हार सुकला तरी सुट्टी संपलीय हे आमच्या लेथला पटत नाही, ते कुरकुरतच कामावर येतं.’ वाचून माझ्या अंगावर काटा आला. मराठीच्या सरांनी त्यावर लाल फुली मारली होती.

हातातलं काम टाकून मी तिला घेऊन शाळेत गेलो.

‘मशीन कुरकुरतं म्हणजे ऑइल संपलं असेल,’ सर हसून म्हणाले. ‘यात अलंकार कुठे आला? गाइडमधलं लिहायला सांगा. नदी, वारा, चंद्र असं काहीतरी.’

‘सर, नदी लाजलेली चालती, मग लेथ कुरकुरलेलं का न्हाई? आमी त्याच्यापुढं नारळ फोडतो.’

‘ते ठीक आहे हो. पण बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला हे कोण समजावणार?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीला स्वतःचं वाक्य सुचलं, त्याचं कौतुक राहिलं बाजूला, आणि यांना काळजी कोणाची, तर कधी न पाहिलेल्या तपासनिसाची! मग अलंकार शिकवता तरी कशाला? मी बरंच बोललो, आवाजही चढला. मुलगी शेजारी खाली मान घालून उभी होती. फुली तशीच राहिली.

पुढच्या चाचणीत तिने गाइडमधली लाजणारी नदी जशीच्या तशी उतरवली. पैकीच्या पैकी गुण, वर सरांचं ‘छान’. कसलं डोंबलाचं छान! आमच्या इंद्रायणीला लाजायला उसंत तरी आहे का? ती कारखान्यांच्या फेसाखाली घुसमटतेय. पण हे लिहायची सोय नाही.

परवा तिला क्लासला सोडायला निघालो, तर स्कूटर सुरू होईना. किका मारून मारून मी घामाघूम झालो.

‘आज हिचं मनच न्हाई बघ जायचं,’ मी म्हणालो. एरवी अशा वेळी ती सीटवर थोपटून गाडीची समजूत काढायची.

‘पप्पा, गाडीला मन नसतं,’ ती म्हणाली. ‘प्लग खराब झाला असेल.’

ती चेष्टा करत नव्हती.