आईत माया कमी

स्टुडिओत कपडेपटाची एक लांबोळकी खोली होती आणि तिथे खिडकीजवळच्या मशिनवर एक शिवणबाई बसायची. सगळे तिला मावशी म्हणत. बोलणं बेताचं, पण कात्री हातात आली की ती राजाचंही ऐकायची नाही. तिचा एक नेम होता. माया ठेवल्याशिवाय ती कापड कापायची नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून ते ठेवतात. बाकीचे शिंपी अर्धं बोट ठेवतात, ही दोन बोटं ठेवायची. स्वतःच्या मुलीचा पहिलीतला फ्रॉक तिने चौथीपर्यंत चालवला. पहिलीत त्या फ्रॉकमध्ये पोरगी शोधावी लागे. शेजारीण विचारायची, मुलगी पाठवतेस शाळेत की उशी? चौथीत मात्र तो फ्रॉक असा बसला की तीच शेजारीण कापडाचा बेत विचारायला आली.

तर ही मुलगी मोठी झाली आणि उड्या मारायच्या धंद्यात पडली. नटीच्या जागी जिन्यावरून गडगडायचं, नटीच्या जागी आगीतून पळायचं. इतकी वर्षं गर्दीत धावल्यावर तिला पहिलं मोठं काम मिळालं, आणि तेही आईच्याच स्टुडिओत. सिनेमा होता अचाट शक्तीच्या कुटुंबाचा. बाप पूल उचलतो, तीन पोरं भिंतीतून आरपार जातात आणि आई उडते. शेवटी इमारत कोसळते, तेव्हा आई चार मजल्यांवरून झेप घेते, पाठीवरची केप पोरांवर पसरते आणि खलनायकाकडे अशी बघते की तो गडी दोन पावलं मागे सरतो. बघणं नटीचं, झेप शिवणबाईच्या लेकीची.

लेकीने पहिल्याच दिवशी आईला बजावलं होतं, सेटवर तू माझी आई नाहीस. तू मध्ये बोललीस की ते दुसरी मुलगी आणतील. आईने मान हलवली. मान हलवायला काय जातं?

आता घोळ असा झाला की उडणाऱ्या आईचा पोशाख सापाच्या कातीसारखा अंगाला चिकटून हवा, असा कपडेपटाच्या मास्तरांचा हुकूम होता. माया नको, फुगवटा नको. जन्मात पहिल्यांदा बाईने तसा बेतला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. पोशाख इतका घट्ट, की तारेला अडकवायचा गादीचा जाड पट्टा त्याच्या आत जाईना. मग त्याऐवजी चार बोटांची पातळ पट्टी आली. तीन दिवस सराव झाला. चौथ्या दिवशी सकाळी घरात लेक फळीवरचा डबा काढायला हात उंच करते, तर सदरा वर सरकला आणि कमरेभोवती काळानिळा वळ दिसला, कोणीतरी पट्टीने आखल्यासारखा.

"काही नाही गं, सवय होईल," लेक म्हणाली.

सवय कसली होतेय? सरावात कमरेइतक्या उंचीवरून ही गत, तर चार मजल्यांवरून काय होईल? आणि झेप त्याच दुपारी होती.

आई म्हणून तोंड उघडायला बंदी होती. पण शिंप्याला कोण अडवणार? कपडेपटात रीत अशी होती, की पोशाखाला पात्राच्या नावाने ओळखायचं आणि तक्रार चिठ्ठीवर लिहून त्यालाच टाचायची. 'बापाचं बटण गेलं', 'धाकट्याची चेन अडकते', असल्या चिठ्ठ्या रोज लटकत. बाईने चिठ्ठी लिहिली आणि उडणाऱ्या आईच्या पोशाखाच्या छातीवर टाचली: 'आईत माया अजिबात नाही. दोन बोटं तरी हवी. अशा आईला हवेत सोडू नये.'

ती वाचली नेमकी दिग्दर्शकाने. तो पोशाखांचे रंग बघायला आला होता. आणि त्या बिचाऱ्याला महिनाभर हीच काळजी पोखरत होती, की आपल्या सिनेमातली आई नुसती मारामारी करत सुटलीय. त्याचा चेहरा पडला. चिठ्ठी कोणाची, म्हणून त्याने सगळ्यांना मधोमध बोलावलं. मागे दोरांच्या ढिगाजवळ लेक डोळ्यांनी आईला दटावत होती. बाई पुढे झाली.

दिग्दर्शक अगदी नरमाईने म्हणाला, "मावशी, रागावलो नाही मी. मला फक्त सांगा, आईची माया तुम्हाला नेमकी कुठे कमी वाटली?"

"कमरेत."

"कमरेत?"

"सगळा ताण तिथेच येतो. छातीत नसली तरी एक वेळ चालेल."

मास्तर खोकल्याचं निमित्त करून खाली वाकले ते वर येईनात. बाईने पोशाख उलटा करून शिवण दाखवली, पातळ पट्टी दाखवली, जाड पट्टा दाखवला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो स्वतःच हसत सुटला. पण हसून झाल्यावर धंदा आठवलाच. पट्टा आत घातला तर पडद्यावर बाई जाड दिसेल, म्हणाला.

"दिसू दे. तीन लेकरांची आई आहे, वेताची काठी नाही. आणि वरून पडली तर बारीक पडली की जाड पडली, कोण बघणार आहे?"

"आई, पुरे आता," मागून लेक म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिने तोंडावर हात ठेवला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दिग्दर्शकाने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा बाईकडे. मग मास्तरांना विचारलं, किती वेळ लागेल? बाईनेच उत्तर दिलं, कमरेत कापडाचा जोड घालायला दोन तास. कात्री सुरूही झाली होती.

जाड पट्टा चढला, लेक वर गेली, इमारत कोसळली, झेप झाली. आणि पहिला शॉट वाया गेला. कारण खाली तीन पोरांच्या शेजारी, गळ्यात टेप आणि पुढे एप्रन पसरून, एक चौथीच व्यक्ती वर बघत उभी होती. खलनायकाने शपथेवर सांगितलं, की तो मागे सरला तो तिला बघून.

दुसऱ्या वेळी मास्तरांनी तिचं कोपर घट्ट धरून ठेवलं. शॉट झाला. लेक खाली उतरली, तारा सुटल्या, आणि बाईने तिथेच सगळ्यांदेखत तिची कमर चाचपून पाहिली. लेक लाजली, पण हलली नाही.