झाकणं कोणी सैल केली?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जोरात मीच हसायची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण घडलं ते घडलं...

अमरावतीला माझी पीएचडी सुरू होती, विषय सिकलसेल हा रक्ताचा आजार. धारणीकडच्या पेशंटच्या रक्तातून मोठ्या मुश्किलीनं वाढवलेल्या पेशी, छोट्या बाटल्यांत, इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या. त्या मेल्या की माझं सगळं कामच बसलं. आणि त्या लोकांकडे पुन्हा रक्त मागायला कोणत्या तोंडानं जायचं?

या बाटल्यांची झाकणं अर्धा फेरा सैल ठेवावी लागतात, म्हणजे आत हवा जाते. माझ्या गाइड मालती मॅडम येता-जाता तपासायच्या. झाकण घट्ट दिसलं की सुरू, "काहून वं, गुदमरून मारतं काय त्यायले? लेकरं हायेत ते!" मग स्वतः सैल करायच्या आणि प्रत्येक बाटलीवरचं नाव दाराकडे वळवून ठेवायच्या. त्या हार्टअटॅकनं अचानक गेल्या आणि मी दुसऱ्या सरांकडे काम करू लागले.

एका शनिवारी बाटल्या शेजारच्या इमारतीतल्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली बघायला नेल्या होत्या. नेताना झाकणं घट्ट लावतात, तशी लावली. परत आले तोच बाबांचा अकोल्याहून फोन, "तुझी आई पडली वं, पाय मोडला!" बाटल्या कशाबशा इन्क्युबेटरमध्ये कोंबल्या, लॅबला कुलूप लावलं आणि पळाले.

रविवारी दुपारी दवाखान्यात आईच्या थर्मासचं झाकण आवळत होते... अगं बाई, ती झाकणं!

"जाय तू, मी काई पळून नाई चालली," प्लास्टरमधला पाय दाखवत आई म्हणाली. मिळेल त्या गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो. सगळं संपलं असं धरूनच मी कुलूप उघडलं.

झाकणं सैल होती. सगळी. बरोबर अर्धा फेरा. आणि बाटल्या ओळीत, नावं दाराकडे.

लॅबमधल्या छोट्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं, पेशी मजेत होत्या. लॅबची किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. चौकीदार काकांना विचारलं तर म्हणाले, "कोनी नाई आलं पोरी, मी इथंच बसून हाओ."

मॅडम गेल्या तेव्हा मला रडताच आलं नव्हतं. त्या दुपारी मात्र स्टुलावर बसून मी पोटभर रडले. भीती? नावालाही वाटली नाही, देवाशपथ!

तुम्ही म्हणाल, तूच घाईत सैल केली असशील. असेल बुवा. पण आवळल्याचं माझ्या बोटांना चांगलं आठवतंय, आणि याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

थीसिस लिहून झाला. आभाराचं पान वाचताना सर थांबले. "मॅडमच्या नावाआधी 'कै.' लावाचं राहिलं वाटते."

"राहू द्या ना सर," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पान उलटलं.